निजेला धोंडाच का?

पाऊस सरला, आकाश निवळले आणि आश्विनाचे कडकडीत ऊन पडू लागले की गोमंतकातल्या घराघरांच्या अंगणांत, गच्च्यांवर आणि सज्जांच्या कठड्यांवर गाद्या दिसू लागतात. चार महिने दमट अंधारात पडून कुबट वास धरलेल्या कापसाला ऊन दाखविण्याचा हा वार्षिक विधी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. नेमक्या याच दिवसांत बाजारही जागा होतो. जुनी गादी द्या, नवी न्या, अशा पाट्या म्हापशापासून मडगावपर्यंत झळकू लागतात. वर्तमानपत्रांची पाने गाद्यांच्या जाहिरातींनी भरून जातात, आणि दसरा-दिवाळीच्या खरेदीला निघालेली कुटुंबे दुकानाच्या पायऱ्या चढतात.

अग्रलेखाच्या जागी गादीचा विषय पाहून काही वाचक नाक मुरडतील. पाण्याचे, जमिनींचे, नोकऱ्यांचे एवढे प्रश्न समोर पडलेले असताना संपादकांना अंथरूण-पांघरूण सुचावे काय, असे ते विचारतील. परंतु जिच्यावर माणूस रोजचे सात-आठ तास घालवितो आणि साठी गाठलेल्या माणसाची जिच्यावर वीस वर्षे गेलेली असतात, ती वस्तू क्षुल्लक कशी म्हणावी? चरकसंहितेने शरीर तोलून धरणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. त्यांतल्या आहाराची चर्चा आपण सकाळच्या मासळीबाजारापासून रात्रीच्या पानापर्यंत अखंड करतो. निद्रेचा विचार मात्र ती उडाल्याशिवाय आपल्याला सुचत नाही.

शिवाय या विषयाला एक दुसरी बाजू आहे, आणि आम्हांस खरे बोलावयाचे आहे ते तिच्याविषयी. घरात नवी गादी आली की ती कोठे जाते, हे वाचकांनी आठवून पाहावे. ती जाते कर्त्या जोडप्याच्या खोलीत. तिथली जुनी जाते मुलांच्या खोलीत. मुलांच्या खोलीतली, मधोमध खळगा पडलेली, जाते आजी-आजोबांच्या खाटेवर. आणि आजीच्या खाटेवरची, गोळे झालेली, पडवीत निजणाऱ्या गड्याच्या वाट्याला येते. पाणी जसे उताराकडे धावते तशी घरातली गादी हक्क न सांगणाऱ्याकडे सरकत जाते. ज्या पाठीचे मणके सर्वांत अधिक झिजलेले, ज्या गुडघ्यांना उठताबसता आधार हवा, त्यांच्याखाली घरातले सर्वांत निकामी अंथरूण असते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. रीतच तशी पडून गेली आहे. ही रीत उलटी करावी, एवढ्यासाठी आजचा हा लेखनप्रपंच. पण ती उलटी करावयाची तर चांगले अंथरूण म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण त्याविषयीचे आपले समजही फारसे निर्दोष नाहीत.

कठीण तेच हितकर?

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. दिवसभर खाजनात चिखल तुडविलेला, माडावर चढउतार केलेला, डोक्यावरून ओझी वाहिलेला माणूस रात्री सारवलेल्या भुईवर चटई टाकून आडवा झाला की त्याचा डोळा लागतो. त्याला मऊ-कठीण पाहण्याची उसंत नसते. म्हण सांगते ती श्रमाची थोरवी, धोंड्याची नव्हे. पण हळूहळू आपण धोंड्यालाच गुण मानू लागलो. कठीण बिछान्यावर निजणारा तो संयमी आणि मऊ गादीवर लोळणारा तो विलासी, असे एक समीकरण आपल्या मनात घट्ट बसले.

या समीकरणाला धर्माचाही टेकू मिळाला. चातुर्मासात भूमिशयनाचे व्रत घेणारी माणसे आजही आपल्यांत आहेत, आणि स्वेच्छेने घेतलेले व्रत आदरणीयच होय. पण हेच व्रत एके काळी घरातल्या विधवेवर शास्त्राच्या नावाने लादले जात असे. पलंग तिला वर्ज्य, गादी वर्ज्य. पांढऱ्या घोंगडीवर किंवा उघड्या भुईवर तिने उरलेले आयुष्य काढावयाचे. ती रूढी काळाच्या ओघात गेली. परंतु सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मला म्हातारीला कशाला हवी नवी गादी, माझी चटई पुरे, असे आजी म्हणते तेव्हा तो जुना पीळच बोलत असतो. आणि आपण तिचे म्हणणे सोयिस्करपणे खरे मानून मोकळे होतो.

वैद्यकानेही या समजुतीस बरीच वर्षे हातभार लावला. कंबर धरली की फळीवर निजा, हा सल्ला घरोघरी ठाऊक आहे. गादीखाली फळ्या घालून, नाहीतर गादीच काढून टाकून, कित्येकांनी महिनोन् महिने काढले. याची कसोशीने तपासणी स्पेनमध्ये झाली, आणि तिचा निष्कर्ष २००३ साली ‘लान्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंबरेचे जुनाट दुखणे असलेल्या ३१३ प्रौढांचे दोन गट करून एका गटास कठीण आणि दुसऱ्या गटास मध्यम कठीण गादी देण्यात आली. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. ९० दिवसांनी पाहिले तेव्हा निजताना होणारे दुखणे, उठताना होणारे दुखणे आणि दैनंदिन हालचालींतला अडथळा या तिन्ही बाबतींत मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांची स्थिती अधिक सुधारलेली आढळली. एका प्रयोगावरून सारे शास्त्र ठरत नाही, आणि हा प्रयोग विशिष्ट विकार न सापडलेल्या साध्या कंबरदुखीपुरता होता. तरीही जेवढे कठीण तेवढे हितकर, या विधानाचा आधार त्याने काढून घेतला, हे मान्य करावयास हवे.

पाठीचे म्हणणे

याचे कारण समजण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. आपला पाठीचा कणा फूटपट्टीसारखा सरळ नसतो. मानेपाशी तो आत वळतो, पाठीपाशी बाहेर येतो आणि कंबरेपाशी पुन्हा आत जातो. उभा असताना कणा ज्या वळणात असतो, साधारण त्याच वळणात तो निजल्यावर राहावा, आणि दिवसभर ताणलेल्या स्नायूंना त्याची राखण करीत बसावे लागू नये, एवढेच अंथरुणाचे काम.

फार कठीण पृष्ठभागावर माणूस उताणा निजला की खांदे आणि ढुंगण टेकतात व कंबर अधांतरी राहते. कुशीवर निजला तर शरीराचा सारा भार खांद्याच्या आणि कमरेच्या हाडावर येतो. हात बधिर होतो आणि रात्रभर कूस बदलत बसावे लागते. फार मऊ गादीवर उलट घडते. शरीराचा जड भाग, म्हणजे कंबरेचा पट्टा, खाली रुततो आणि कणा झोळीत घातलेल्या मुलासारखा वाकतो. कूस बदलावयाची तरी हातांनी रेटा द्यावा लागतो. चांगली गादी या दोहोंच्या मध्ये असते : खांदा व कटी यांना किंचित आत घेणारी आणि कंबरेला खालून हात देणारी.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. सर्वांना चांगली अशी एकच गादी नसते. नव्वद किलोंच्या माणसाला जी बेताची वाटेल ती पंचेचाळीस किलोंच्या बाईला फळीसारखी लागेल, कारण तिच्या भाराने ती दबणारच नाही. कुशीवर निजणाऱ्याला थोडी मऊ हवी. पालथे निजण्याची सवय असलेल्याला थोडी कठीण. पतिपत्नींच्या वजनांत मोठे अंतर असेल तर एकाच मोठ्या गादीचा हट्ट न धरता त्याच पलंगावर दोन वेगळ्या गाद्या शेजारी शेजारी घालाव्यात, हे शहाणपणाचे.

दुकानात गादी हाताने दाबून पाहण्याची आपली पद्धत म्हणूनच निरर्थक आहे. हाताला काय वाटते याच्याशी पाठीला काय करावयाचे? पायांतल्या वहाणा काढून, घरी ज्या कुशीवर निजतो त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून पाहावे. उताणे निजल्यावर कंबरेखालून हात आरपार सहज जात असेल तर गादी कठीण; हात घालताच येत नसेल तर फार मऊ; थोडा अडत, पण जात असेल तर बेताची. यात लाज वाटण्याचे कारण नाही. साडी घेताना बायका चाळीस साड्या उलगडावयास लावतात आणि दुकानदार हसतमुखाने उलगडतो. पुढची आठ-दहा वर्षे पाठीखाली राहणाऱ्या वस्तूला पंधरा मिनिटे मागितली तर काय बिघडले?

गादीचा पाया

गादी निवडण्यात लोक जेवढा वेळ घालवितात त्याच्या दशांशही वेळ पलंगाला देत नाहीत. वास्तविक गादी आणि पलंग या दोन वस्तू नव्हेत; ती एकच वस्तू आहे. खालचा पाया वाकला असेल तर वरची नवी, महागडी गादीही त्याच वळणाने वाकते, आणि दोष गादीच्या माथी जातो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. सुंभाने विणलेली बाज वापरून वापरून सैल पडते. पण पायथ्याकडची दोरी ओढून ती पुन्हा ताणता येत असे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतला नवारीचा पलंगही असाच, पट्टे सैल झाले की उलगडून पुन्हा कसावयाचा. बाज उचलून उन्हात उभी करता येई, आपटून ढेकूण झाडता येत, आणि खालून वारा खेळत असे. गोमंतकातल्या जुन्या वाड्यांतले मच्छरदाणीचे खांब असलेले शिसवी पलंग वजनाने अवजड खरे. पण त्यांचाही तळ उंच पायांवर उचललेला आणि खालून मोकळा असे. आपल्या हवेशी जमवून घेण्याची ती रीत होती.

आज घरे लहान झाली आणि पलंगाच्या पोटात पेटी आली. पावसाळी पांघरुणे, जुनी भांडी, लग्नातले अल्बम, सारे त्या पेटीत. जागेची अडचण आम्हांस कळते. पण जिथे चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते, तिथे चारी बाजूंनी बंद पेटीवर, अखंड प्लायवूडच्या तक्त्यावर गादी टाकणे म्हणजे बुरशीला निमंत्रण. निजलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर दमटपणा निघतो, तो गादीत उतरतो आणि खाली वाट न मिळाल्याने तळाशी साचतो. गादी उचलून पाहिली म्हणजे काळे ठिपके दिसतात. पेटीच हवी असेल तर सुताराला सांगून तक्त्याला ठिकठिकाणी भोके पाडून घ्यावीत, बाजूंना जाळी ठेवावी आणि पावसाळ्यात निदान आठवड्यातून एकदा गादी उभी करून तळाला वारा द्यावा. प्लायवूड घेताना पाणी सोसणारे घ्यावे. भारतीय मानकांत आयएस ३०३ खाली ओल सोसणारी प्रत आहे आणि आयएस ७१० ही सागरी प्लायवूडची. तक्त्यावर तो शिक्का पाहण्याचा आग्रह धरावा.

आमच्या मते किनाऱ्यावर सर्वांत चांगला तळ लाकडी पट्ट्यांचा. सागवान परवडत नसेल तर फणसाच्या लाकडाच्याही पट्ट्या चालतील. मात्र दोन पट्ट्यांमधले अंतर तीन इंचांहून अधिक नसावे. अधिक असले की फोमची गादी त्या फटींत उतरू लागते. पट्ट्या पातळ, लवचीक नसाव्यात. दोघांच्या पलंगाला मधोमध एक आडवा वासा आणि त्याखाली जमिनीला टेकणारा पाय हवाच. तो नसल्यामुळे पाच-सहा फूट रुंदीचे किती पलंग मध्ये झोळ खातात याची गणती नाही. घरातल्या पलंगाची परीक्षा सोपी आहे. गादी काढून तळावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणून धरावी. मध्ये दोरीखाली बोटभर फट दिसली तर आधी सुताराला बोलवावे, गादीवाल्याला मागाहून. दुकानदाराचे हमीपत्र नीट वाचले तर त्यातही बहुधा हेच आढळेल : तळ योग्य नसेल तर हमी लागू नाही.

कापूस, काथ्या आणि फोम

गादीच्या पोटात काय असावे, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे पहिला मान कापसाचा. कापूस घाम शोषतो, उन्हाळ्यात तापत नाही आणि त्याची गादी पुन्हा पुन्हा नवी करता येते. दोन-तीन वर्षांनी पिंजारी बोलवावयाचा, अंगणात गादी उसवून कापूस मोकळा करावयाचा आणि संध्याकाळपर्यंत तीच गादी फुगून नवी होऊन घरात यावयाची. पिंजणाच्या तातेचा तो टणत्कार आज क्वचितच कानी येतो. यंत्रावर कापूस पिंजून देणारी दुकाने मात्र गावोगाव अजून आहेत. कापसाचा दोष असा की तो दबतो, गोळे धरतो आणि ओल पितो. न पिंजलेली दहा वर्षांची कापसाची गादी कापसाची न राहता भुईची होते. ती वापरावयाची तर पिंजण्याचा खर्च हा तिच्या किमतीचाच भाग समजावा. सावरीचा कापूस हलका आणि पाण्याला न जुमानणारा, इतका की जीवरक्षक जाकिटांत तो भरीत असत. पण त्याचा तंतू निसरडा. उशीला तो उत्तम, पाठीला आधार देण्याच्या कामी अपुरा.

काथ्या तर आपल्या माडाचाच. काथ्याच्या पिळलेल्या तंतूंवर रबराचा चीक फवारून, दाबून आणि तापवून ज्या गाद्या तयार होतात त्यांत हवा खेळती राहते, आणि त्या अंगाला घट्ट आधार देतात. किनाऱ्याच्या हवेस हा गुण फार मोलाचा. कालांतराने मात्र निजण्याच्या जागी त्या बसतात आणि पुन्हा उठत नाहीत; म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी डोके-पाय आणि वर-खाल अशा दोन्ही बाजूंनी त्या फिरवाव्या लागतात. ज्यांना निव्वळ काथ्या टोचतो त्यांनी वर इंच-दोन इंच फोमचा थर असलेली गादी पाहावी.

फोम म्हणजे पॉलियुरेथेन. या रसायनाचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला, आणि आज बाजारातल्या बहुसंख्य गाद्यांच्या पोटात तेच आहे. इथे ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत होते, कारण कापड शिवून टाकले की आतला फोम कसा आहे ते दिसत नाही. दुकानदार बत्तीस डेन्सिटी, चाळीस डेन्सिटी असे आकडे सांगतो. या आकड्याचा अर्थ एवढाच की एक घनमीटर फोमचे वजन तितके किलो. तो आकडा टिकाऊपणाची खूण आहे, कठीणपणाची नव्हे. एकाच घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कठीणही. पण दुकानदाराचा शब्द तराजूवर पारखता येतो. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ५ इंच जाड अशी निव्वळ फोमची गादी बत्तीस घनतेची असेल तर तिचे वजन सुमारे ६.८ किलो भरले पाहिजे. चाळीस घनतेची असेल तर सुमारे ८.५ किलो. खोळीचे वजन वेगळे. चाळीसचे पैसे घेऊन पाच किलोंची गादी कोणी देऊ लागला तर तराजू खोटे बोलणार नाही. मात्र वजन जास्त भरले म्हणूनही हुरळून जाऊ नये. फोमचे तुकडे चिकटवून, दाबून बनविलेला ‘बाँडेड’ फोम बराच जड आणि कठीण असतो. तळच्या थराला तो ठीक, पण अखंड फोमची किंमत त्याला देऊ नये.

‘मेमरी फोम’ या नावाची सध्या मोठी चलती आहे. १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानातल्या आसनांकरिता तो तयार केला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. थंड देशांत हा गुण. आपल्याकडे मे महिन्याच्या रात्री तो अंगाची ऊब धरून ठेवतो आणि हवेच्या उष्णतेने आधीच मऊ झालेला असतो. खोली थंड ठेवणारे यंत्र रात्रभर चालविण्याची ऐपत नसेल तर त्याचा जाड थर टाळलेला बरा. रबराच्या चिकाची, म्हणजे लॅटेक्सची, गादी आधारालाही चांगली आणि टिकाऊही. पण वजनदार आणि महाग. स्प्रिंगच्या गाद्यांत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत शिवलेली असेल तर शेजारच्याने कूस बदलल्याचा धक्का बसत नाही. परंतु खाऱ्या, दमट हवेत तार गंजते, हे समुद्राच्या सान्निध्यात घर असलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि आता आरंभी उल्लेखिलेल्या उन्हाविषयी. कापसाला ऊन मानवते. फोमला आणि रबराला ते मानवत नाही. कडक उन्हाने फोम पिवळा पडून भुसभुशीत होतो आणि रबर तडकते. तेव्हा आजीने घालून दिलेला नियम पाळावयाचा तो डोळसपणे : कापसाची गादी उन्हात, बाकीच्या सावलीत, वाऱ्यावर. दमट गादीत धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचीही वस्ती होते. घरातल्या धुळीने येणाऱ्या दम्याच्या मुळाशी हे किडे असतात, हे १९६४ साली हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हवेतल्या ओलाव्यावर ते जगतात, म्हणजे आपला पावसाळा त्यांची दिवाळी. घरात दम्याचा रोगी असेल तर खोळी-चादरी वारंवार कढत पाण्यात धुवाव्यात आणि गादीला ऊन वा वारा देण्यात हयगय करू नये.

एका शब्दाची जादू

जाहिरातींविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. आणि वर्तमानपत्रे त्या जाहिराती छापतात म्हणून तर अधिकच बोलले पाहिजेत. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द गादीवर छापलेला पाहिला की वाचणाऱ्यास एखाद्या अस्थितज्ज्ञाने सही करून दिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या शब्दावरून आत काय भरले आहे, किती घनतेचे, किती थरांचे, यांपैकी काहीच कळत नाही. बहुधा त्याचा अर्थ ‘इतरांहून कठीण’ एवढाच असतो. आणि कठीण म्हणजे हितकर नव्हे, हे आपण वर पाहिलेच. सकाळी उठताना पाठ आखडते पण तासा-अर्ध्या तासात मोकळी होते, पाहुणे म्हणून दुसऱ्याकडे निजलो की त्रास होत नाही, असा अनुभव असेल तर संशय गादीवर घ्यावा. पण दुखणे रात्री झोपेतून उठविणारे असेल, पायात मुंग्या वा बधिरपणा उतरत असेल, सोबत ताप असेल वा वजन घटत असेल, तर गादीच्या दुकानात न जाता डॉक्टरकडे जावे. गादी हे औषध नव्हे.

ग्राहकाच्या हाती कायद्याचे शस्त्र आहे. १९८६च्या कायद्याची जागा घेणारा २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून अमलात आला आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंड ठोठावण्याचा अधिकार असलेले केंद्रीय प्राधिकरणही त्याच साली स्थापन झाले. आमची मागणी साधी आहे. धान्याच्या पिशवीवर वजन छापलेले असते, औषधाच्या बाटलीवर घटक छापलेले असतात. तसे गादीच्या खोळीवर थर किती, कशाचे, किती जाडीचे आणि किती घनतेचे, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत शिवलेले असावे. तोवर ग्राहकाने हे सारे पावतीवर लिहून मागावे. लिहून देण्यास दुकानदार नकार देत असेल तर तोही एक प्रकारचा खुलासाच म्हणावयाचा.

आजीची खोली

आता मूळ मुद्द्याकडे. घरातली चांगली गादी कोणाला?

वय झालेल्या माणसाला फार कठीण गादी सोसत नाही, कारण हाडांवरचे मांस कमी झालेले असते आणि कातडी पातळ. फार मऊही सोसत नाही, कारण तिच्यातून उठावयास जोर लागतो. म्हणजे तरुणाला चालून जाते ती चूक म्हाताऱ्याला चालत नाही. त्यांच्या गादीचा काठ पक्का असावा. काठावर बसले की तो खचता कामा नये, नाहीतर पहाटे न्हाणीघराकडे जाण्यासाठी उठलेला माणूस घसरून जमिनीवर येतो, आणि म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड सारे घर जागेवर खिळवून ठेवते. उंचीचेही तसेच. काठावर बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात राहिले पाहिजेत. अठरा इंचांच्या पेटीवर आठ इंचांची गादी घातली की सव्वीस इंच होतात. पाच फुटांच्या आजीचे पाय तिथे लोंबकळतात. उलट जमिनीवरच्या चटईवरून उठणे हे झिजलेल्या गुडघ्यांना रोजचे दिव्यच. पलंगाचे पाय कापून घेण्यास सुताराला अर्धा तास पुरतो. तेवढा अर्धा तास आपण आजवर दिला नाही, एवढेच.

अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची गोष्ट निराळी. त्याला कोणतीही गादी एकटी पुरत नाही. दर दोन तासांनी कूस बदलून देणारे माणूस लागते. हवा भरण्या-सोडण्याच्या विजेवरच्या गाद्या मदत करतात, पण त्या माणसाची जागा घेत नाहीत. आणि पावसाळ्यात वीज गेली की त्यांचे काय होते याची चौकशी विकत घेण्यापूर्वीच करून ठेवावी. तान्ह्या मुलाला मात्र वरच्या साऱ्या विवेचनाचा अपवाद समजावे. त्याला सपाट, घट्ट अंथरूण हवे. मऊ गादी, उशी, लोड काही नको, आणि निजवावयाचे ते उताणे. १९९०च्या दशकात पाश्चात्त्य देशांनी एवढे एक पथ्य घरोघरी पोहोचविले आणि पाळण्यात अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांची संख्या तिथे मोठ्या प्रमाणात उतरली.

आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत आज फक्त दोन म्हातारी माणसे राहतात. मुलगा आखातात, मुलगी पुण्यात किंवा परदेशी. मुले कर्तव्य विसरलेली नाहीत. पैसे येतात, सणाला नव्या वस्तूही येतात. परवाच्या चतुर्थीला मोठा दूरदर्शन-संच आला असेल, यंदा दिवाळीला आणखी काही येईल. त्या मुलांना आमचे सांगणे आहे : या खेपेस घरी आलात की एक रात्र आईच्या अंथरुणावर निजून पाहा. सकाळी पाठ काय म्हणते ते ऐका, आणि मग काय आणावयाचे ते ठरवा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे शहाणे सांगून गेले. आणि मध्यमवर्गीयांनी ते पाळावेच. दहा हजारांची गादी परवडत नसेल तर जुना कापूस पिंजून घ्यावा, पलंगाचा झोळ काढावा, पट्ट्या जवळ घालाव्यात. एवढ्यानेही निम्मे काम होते. परंतु ज्यांनी उभ्या आयुष्यात आपले पाय आखडून मुलांना पसरावयास जागा करून दिली, त्यांचे अंथरूण मोजताना तरी हात आखडू नये. यंदा घरात नवी गादी आली तर ती आधी आजीच्या खोलीत जावी. जुनी आपल्याला पुरेल. आपली पाठ अजून तरुण आहे.